फाट्यावरचं मरण कोणीच मोजत नाही

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये, कापसाच्या ऐन सीझनमध्ये, माझा चुलतभाऊ आमच्याच फाट्याजवळ गेला. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. जिनिंगला निघालेली कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, कडेला म्हणजे अर्धी डांबरावर आणि अर्धी खाली. दोन्ही बाजूंनी हातहातभर कापूस बाहेर आलेला, वरून काळी ताडपत्री, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. ड्रायव्हरनं मागं दोन दगड ठेवले होते आणि एक पऱ्हाटीची फांदी खोचली होती, तेवढाच काय तो इशारा. समोरून रेतीचा टिप्पर येत होता, अप्पर मारत. भाऊ मोटरसायकलवर तालुक्याहून औषधाच्या दोन बाटल्या घेऊन घराकडं येत होता, घर तिथून दोन किलोमीटर. हेल्मेट होतं त्याच्याकडं. मी पोचलो तेव्हा ते गाडीच्या मागच्या साईडगार्डला अडकवलेलं होतं, त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

ट्रॉली रात्रीच तिथून हलली पण ते दोन दगड रस्त्यावरच राहिले. सकाळी मी गेलो तर एक दुधवाला त्यांना चुकवून जात होता. मीच उचलून नालीत टाकले.

तेरवीला जो आला तो एकच बोलून गेला, "त्याची वेळच भरली होती बापा, कोनाच्या हातात हाय?" मोठी माय, म्हणजे भावाची आई, मान हलवत होती, मीही हलवत होतो, त्या टाईमाला माणूस दुसरं काय करणार. पण नंतर माझ्या डोक्यातून ते जाईना. वेळ भरली होती म्हणतो आपण, पण ट्रॉलीला मागं एक लाल टेप असती तर? तो ज्या स्पीडनं येत होता, धरा साठचा स्पीड, तर गाडी एका सेकंदाला सतरा मीटर पुढं जाते. डिप्परचा उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर, तोही समोरून कोणी अप्पर मारत नसेल तर. काळी ताडपत्री त्या उजेडातही पटकन दिसत नाही. माणसाला दिसायला, समजायला आणि ब्रेक दाबायला एक-दीड सेकंद जातो, पुढं गाडी थांबायला अजून वीस-पंचवीस मीटर, म्हणजे हिशोब तिथंच संपला. आणि तीच टेप लाईट पडला की शंभर मीटरच्या पलीकडून लाल चमकते. मग ह्याच्यात नशिबाचा संबंध कुठं आला? हे सगळं मोजता येते, आणि जे मोजता येते ते टाळताही येते, माझं एवढंच म्हणणं आहे आणि ते मी आता जिथं चार लोक भेटतील तिथं बोलतो.

त्यानंतर मी एक काम केलं. गावातल्या जुन्या लोकांना घेऊन पारावर बसलो, एक शाळेची वही घेतली आणि आपल्या गावचे जेवढे लोक रोडवर गेले त्यांची नावं आठवून लिहायला लागलो. कोतवाल होते, एक रिटायर्ड गुरुजी होते, चहावाला होता ज्याला सगळंच माहीत असते. मला वाटलं पाच-सहा नावं निघतील. एक पान भरलं, मग दुसरं. कोणी सांगे "अरे तो सालदार नव्हता का, रोह्याच्या कळपात गेलता" (रोही म्हणजे नीलगाय), कोणी सांगे "पोळ्याच्या पाडव्याले गेला तो पोट्टा". प्रत्येक नावापुढं मी लिहिलं, कुठं, किती वाजता, कशावर होता, कशाला ठोकला. दोन पानं लिहून झाल्यावर गुरुजींनी वही हातात घेतली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर सगळे गावाच्या आजूबाजूलेच गेले रे." खरंच होतं ते. मुंबई-पुण्याच्या प्रवासात आमचं कोणी मेलं नव्हतं. फाटा, फाट्यापासून गावापर्यंतचा रोड, नाल्यावरचा रपटा आणि बाजाराच्या गावाकडचं ते आंधळं वळण, फिरून फिरून ह्याच चार जागा. बहुतेक मोटरसायकलवाले, बाकीचे पायी चालणारे. आणि बहुतेक सगळे अंधार पडल्यावरचे.

आपल्याला मोठा अपघात लक्षात राहतो. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स जळाली, २५ लोक गेले, पूर्ण महाराष्ट्र हळहळला, मंत्री आले, चौकशी लागली. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण २०२२ ह्या एका वर्षात देशात रोडवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा स्वतःचा आकडा आहे. भागाकार केला तर रोजचे ४६० च्या वर होतात. म्हणजे तशा अठरा बस रोज. त्यातली शंभरातली ६८ माणसं ग्रामीण भागात गेली, शहरात नाही. शंभरातले ४४ दुचाकीवाले. ट्राफिकचा प्रॉब्लेम म्हटलं की आपल्याला नागपूरचा व्हरायटी चौक आठवतो, सिग्नल आठवतो, पण माणसं मरतात ती इकडं, जिथं सिग्नल नाही, पोलीस नाही, लाईट नाही, आणि ती एकेक करून मरतात म्हणून त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळीत येते, 'दुचाकीस्वार ठार', आणि संपलं.

आता मुद्द्याचं सांगतो. सरकारकडं ब्लॅकस्पॉट नावाची एक व्यवस्था आहे. नॅशनल हायवेच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले, किंवा दहा जण मेले, तर ती जागा ब्लॅकस्पॉट ठरते आणि मग तिथं दुरुस्तीचं काम निघते. चांगली गोष्ट आहे, हायवेवर त्याचा फायदाही होते. पण आमच्या फाट्याचं बघा. आमचा रोड नॅशनल हायवेच नाही. आणि मरणारे असे वाटून मेले, एक रपट्यावर, एक वळणावर, दोन फाट्यावर, ह्या वर्षी एक, मग एक वर्ष कोणीच नाही, मग परत एक. हा हिशोब लावला तर आमची कोणतीच जागा कधीच ब्लॅकस्पॉट होणार नाही. पन्नास वर्षं माणसं मरत राहिली तरी होणार नाही. विदर्भातल्या हजारो गावांचं हेच आहे. वरून पाहणाऱ्याला आमचं मरण दिसत नाही आणि त्याला त्याचा दोष देऊन भागत नाही, कारण ते वरून दिसण्यासारखंच नाही, ते फक्त गावातून दिसते. म्हणून ते गावानंच मोजलं पाहिजे. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचं रजिस्टर असते, तसं रोडवरच्या अपघातांचं एक रजिस्टर पाहिजे आणि ते वर्षातल्या चारही ग्रामसभांत वाचलं गेलं पाहिजे.

पोलिसांकडं नोंद असते ना, असं कोणी म्हणेल. असते. आता तर पोलीस मोबाईलवर अपघाताची जागा टाकतात, केंद्राचं ते ॲप आहे. पण ती नोंद गुन्ह्याची असते, चूक कोणाची, कलम कोणतं, एवढ्यापुरती. माझ्या भावाच्या कागदात चूक ट्रॉलीवाल्याची लिहिली आहे, ते बरोबर आहे. पण त्या ट्रॉलीच्या आधी त्याच रात्री त्याच रोडवरून तशाच बिनालाईटच्या कित्येक ट्रॉल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीही गेल्या, ते त्या कागदात कुठंच नाही.

आपल्याकडं एक दुसरं मरण आहे ज्याची विदर्भाला चांगलीच ओळख आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर त्याची फाईल होते, कलेक्टर ऑफिसात जाते, समिती बसते, पात्र की अपात्र ठरवते. त्या कारभारावर राग येण्यासारखं खूप काही आहे, तरी निदान कोणीतरी विचारते की हा माणूस का गेला. रोडवर गेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न कोणीच विचारत नाही. घरात दोन्हीकडं सारखंच होते, कमावणारा जाते, कर्ज राहते, पोरींचं शिक्षण थांबते, म्हातारी माणसं परत वावरात जातात.

मग मोजून काय करायचं? आम्ही काय केलं ते सांगतो, मोठं काही नाही. मागच्या सीझनला आम्ही चार-पाच जणांनी वर्गणी केली आणि लाल रिफ्लेक्टर टेपचे रोल आणले. जेवढे पैसे लागले तेवढ्यात लग्नातला एक डीजेही येत नाही. संध्याकाळी जिनिंगच्या बाहेर ट्रॉल्यांची लाईन लागते, रात्र रात्र नंबर लागत नाही, ड्रायव्हर खाली शेकोटी करून बसलेले असतात. तिथं गेलो. पहिल्या दिवशी टेप चिकटेचना, ट्रॉलीच्या फाळक्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि ग्रीस, टेप लावली की पाच मिनिटात वर येई. मग एका ड्रायव्हरनंच सांगितलं, "भाऊ, आधी डिझेलच्या फडक्यानं पुसा, मंग कोरड्यानं." तसं केलं तर पक्की बसली. दोन्ही कोपऱ्यात उभ्या पट्ट्या आणि खाली एक आडवी, कारण कापूस खाली लोंबतो आणि मधली पट्टी झाकून टाकतो. एकानंही नाही म्हटलं नाही, उलटे मागून घेत होते. मला वाटत होतं हे लोक बेफिकीर आहेत. बेफिकीर नव्हते, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, मालकानं ट्रॉली दिली, यानं ओढली. कायद्यात ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर पाहिजेच, पण आरटीओचा माणूस आमच्या पांदण रस्त्यावर कधी येणार?

बैलबंडीलाही लावा. बंडीच्या मागच्या दांडीला लावली तर मस्त दिसते. आणि पावसाळ्यात ढोरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण रोड कोरडा असते आणि गरम असते, चिखलात माश्या-डास चावतात. शिंगाला नाहीतर गळ्यातल्या पट्ट्याला थोडी टेप गुंडाळली तर काळी म्हैससुद्धा दुरून दिसते. रोही आणि रानडुकराला टेप लावता येत नाही, तिथं स्पीड कमी करणं हाच इलाज, विशेष करून संध्याकाळी आणि पहाटे, जेव्हा ते पाण्याला नाहीतर पिकात उतरतात.

सोयाबीन-तुरीचं रोडवर वाळवण टाकणाऱ्यांना पण एक हात जोडून विनंती आहे. खळ्याला जागा राहिली नाही हे मला माहीत आहे, मीही शेतकरी आहे. पण रात्री त्याच्या भोवती ठेवलेले दगड तसेच सोडून घरी जाऊ नका.

रस्त्याचं बोलायचं तर बरेच लोक म्हणतात, रोड चांगला झाला म्हणून माणसं मरायला लागली, खड्डे होते तेच बरं होतं. हे मला पटत नाही. त्या खड्ड्यातून बाळंतीण नेताना काय हाल व्हायचे ते आपण विसरलो का? रोड पाहिजे, चांगलाच पाहिजे. पण रोड करताना गावाला धरून केला पाहिजे. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच अमरावती-अकोल्याच्या मध्ये हायवे ५३ वर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केलं, गिनीजमध्ये नोंद झाली. मला खरंच अभिमान वाटला, आपल्या ४५ डिग्रीच्या भागात लोकांनी दिवसरात्र राबून केलं ते. जो देश पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर टाकू शकते त्याला फाट्यावर एक लाईट, एक पांढरा पट्टा आणि एस्टीला थांबायला रोडच्या बाहेर थोडी जागा करायला कितीसा वेळ लागतो? आमच्या फाट्यावर एस्टी डांबरावरच थांबते. मानव विकासची निळी बस आली की शाळेच्या पोरी मागच्या बाजूनं रोड ओलांडतात, बसच्या आडून, समोरून येणाऱ्याला त्या दिसत नाहीत आणि त्यांना तो दिसत नाही. हे मी स्वतः कितीदा उभं राहून पाहिलं आहे, दरवेळी पोटात गोळा येते.

आणि होऊ शकत नाही असं तर बिलकुल नाही. नागपूर-सिवनी रोडवर, हायवे ४४ वर, पेंचच्या जंगलातून रस्ता जाते. तिथं जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी वाट सोडली, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची आहे. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. आज तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आरामात खालून जाताना दिसतात. खूप चांगलं काम झालं ते आणि वाघासाठी व्हायलाच पाहिजे होतं. मला त्यातून एवढंच दिसते की कोणाची वाट कुठून जाते हे आधी पाहिलं, मोजलं, आणि मग रस्ता त्या हिशोबानं केला, तर होते. निंदायला जाणाऱ्या बायांची वाट, शाळेच्या पोरींची वाट, बंडीची वाट ही कोणी पाहत नाही कारण ती कोणी कागदावर आणून दिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात तर असंही कलम आहे की रस्त्याच्या डिझाईनमध्ये किंवा देखभालीत ठरलेले नियम पाळले नाही आणि त्यामुळं कोणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला, संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकते. रक्कम कमी आहे, पण ग्रामसभेच्या ठरावात ते कलम लिहिलं की कागदाचं वजन वाढते. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते, ठराव तिच्याकडं जाऊ द्या, फोटो जोडून, वहीची झेरॉक्स जोडून. उत्तर आलं नाही तर दहा रुपयाचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

गावोगावी अपघात झाला की काय होते, रास्ता रोको होते, टायर जळते आणि मागणी एकच, ब्रेकर पाहिजे. दोन दिवसात कोणीतरी डांबराचा नाहीतर मुरुमाचा ढिगारा टाकून देते, धुऱ्यासारखा उभा. त्याला ना पांढरे पट्टे ना आधी बोर्ड. मग रात्री अनोळखी गाडीवाला त्याच्यावर उडतो, आणि मागं बसलेली बाई, जी एका बाजूला पाय टाकून, कडेवर पोर घेऊन बसलेली असते, ती उसळून खाली पडते. आमच्या वहीत असं एक नाव आहे. ब्रेकरचं माप ठरलेलं आहे, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, म्हणजे पसरट, गाडी पंचवीसच्या स्पीडनं आरामात वर चढून उतरेल असा. आपण टाकतो तो अर्ध्या मीटरचा आणि वीतभर उंच. राग समजतो मला, मीही त्या दिवशी टायर जाळणाऱ्यांत राहिलो असतो. पण ब्रेकर मागायचा तर मापाचा मागा, पट्ट्यासकट मागा, आणि मोठ्या रोडवर ब्रेकर चालत नसेल तर घरघर आवाज करणाऱ्या त्या जाड पांढऱ्या पट्ट्या मागा.

आता हेल्मेट. ह्याच्यावर बोललं की लोक माझ्यापासून दूर सरकतात. "गर्मीत डोस्कं उकडते ना भाऊ", "पाच मिनटाचं काम हाय, कायले पायजे हेल्मेट", "पोलीस फक्त पावती फाडाले उभे रायतात". पावतीचं मला मान्य आहे, गाडी आडवून फक्त पैशाचं बोलणारे भेटले की माणसाला हेल्मेट म्हणजे पोलिसाची वस्तू वाटते, आपली वाटत नाही. पण गर्मीचं कारण मी मानत नाही. मे महिन्यात आपण सगळे डोक्याला, तोंडाला दुपट्टा तीन-तीन वेढे गुंडाळतो, फक्त डोळे उघडे, आणि त्यात आपल्याला उकडत नाही, उलटं बरं वाटते. तोच दुपट्टा पातळ करून खाली बांधा आणि वरून हेल्मेट घाला, घाम टिपते, आतला भाग खराब होत नाही, ऊन लागत नाही. मी दोन उन्हाळे काढले असे. हेल्मेट आयएसआय मार्काचं घ्या, रोडच्या कडेला मिळते ती पिवळी टोपी कामाची नाही, आणि गळ्याखालचा पट्टा लावा, पट्टा लावला नाही तर धडकेच्या आधीच ते उडून जाते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक देशात गेले, त्यातले १४ हजारांच्या वर मागं बसलेले होते. मागं बसलेले म्हणजे आपली बायको, आई, बहीण. कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट लागते, चार वर्षांच्या वरच्या लेकराला पण लागते. गावात मला मागं हेल्मेट घातलेली बाई आजपर्यंत दिसली नाही, माझ्या घरातली सोडून, आणि तीही भाऊ गेल्यानंतर.

दारूचं टाळून चालणार नाही. वहीतली काही नावं दारूची आहेत, ते लिहिताना पारावर सगळे गप्प झाले होते. वर्धा जिल्हा कागदावर किती वर्षांपासून कोरडा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर जास्त बोलत नाही. पण लग्नात, बाजाराच्या दिवशी, पोळ्याला एक माणूस असा ठरवा ज्याच्याकडं किल्ल्या राहतील. आणि पोट्ट्यांना गाडी देऊ नका. दहावीतला पोरगा ट्रॅक्टर चालवते ह्याचं कौतुक मीही केलं आहे, आता लाज वाटते त्याची. अठराच्या आतल्या पोरानं अपघात केला तर कायद्यानं बाप जेलमध्ये जाऊ शकते, तीन वर्षांपर्यंत, वरून २५ हजार दंड. पण बापाला ते सांगून काही होत नाही, बापाला वही दाखवा.

आणि अपघात झाल्यावरची दहा मिनिटं. माझ्या भावाजवळ पहिल्यांदा जे पोचले त्यांनी हात लावला नाही, "हात नोको लावू, केस अंगावर येईन" म्हणून उभे राहिले. मी त्यांच्यावर रागावलो नाही, आपल्या सगळ्यांना लहानपणापासून हेच शिकवलं आहे. पण आता तसं राहिलं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच सांगितलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत कायदाच झाला की जखमीला मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबायची सक्ती नाही. उलटं, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्र सरकार आता २५ हजार बक्षीस देते. जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा इलाज कॅशलेस, ही योजना मे २०२५ पासून आहे, आणि हे पेशंटच्या नातेवाईकाला माहीत नसलं तर तो काउंटरवर पैसे जमवत बसते. १०८ ला फोन करा. आणि एक चूक सगळे करतात, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततात. प्रेमानंच ओततात, मरणाऱ्याला पाणी पाजावं म्हणून. पण बेशुद्धाला गिळता येत नाही, ते पाणी श्वासनळीत जाते. पाणी ओतू नका. रक्त वाहत असेल तिथं दुपट्टा दाबून धरा, घट्ट, सोडू नका, आणि मान वाकडीतिकडी न करता उचला. हे शाळेत, बचत गटात, पिठाच्या गिरणीवर सांगायला पाहिजे, तोंडपाठ होईपर्यंत.

ठोकून पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी मेलेल्याच्या घरच्यांना २ लाख मिळतात, २०२२ पासून. शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांचं अनुदान वेगळं. आमच्या वहीतल्या किती घरांनी अर्जच केला नाही हे विचारलं तेव्हा मला दोन दिवस झोप लागली नाही. रजिस्टर असतं तर त्यात एक रकाना ह्याचाही राहिला असता, आणि ग्रामसेवकानं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, अर्ज केला का.

लोक म्हणतात गाव हे करणार नाही. हागणदारीमुक्तीच्या वेळीही हेच म्हणत होते, गुड मॉर्निंग पथकावर हसत होते. तंटामुक्ती समिती झाली तेव्हाही म्हणत होते. त्या समितीला आमच्याकडं आता फारसं काम नाही, तिचेच लोक हे रजिस्टर सांभाळू शकतात, महिन्यातून एकदा चार जागांवर रात्री जाऊन उभे राहायचं, काय दिसते आणि काय दिसत नाही ते लिहायचं. दिवसा जाऊन उपयोग नाही, दिवसा सगळंच चांगलं दिसते.

एक अडचण मला आधी सुचली नव्हती. काही घरांनी सांगितलं, आमच्या माणसाचं नाव ग्रामसभेत वाचू नका, लोक बोट दाखवतील. त्यांचं बरोबर आहे. मग आम्ही ठरवलं की नाव वहीत राहील पण वाचताना फक्त जागा, वेळ आणि कारण वाचायचं. मोठ्या मायला मी हे सांगायला गेलो होतो, भावाचं नाव वाचणार नाही म्हणून. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "वाच. सगळ्याईले ऐकू दे. अन् त्या ट्रॉलीले लाईट नोव्हता, तेबी वाच."

२६ जानेवारीची ग्रामसभा आहे. वही तयार आहे, ठरावाचा कागद गुरुजींनी लिहून दिला आहे, फाट्याचे रात्रीचे फोटो काढून झाले. टेपचे रोल ह्या वर्षी शेजारच्या दोन गावांनी पण मागवले आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी सांगा, फडकं आणि डिझेल मात्र तिकडूनच घेऊन या.